वाचकांचे प्रश्न : एकाच पार्टमध्ये दोन प्लास्टिक

ओव्हरमोल्डिंग (तयार भागावर दुसरे प्लास्टिक चढवणे), टू-शॉट (एकाच मशीनवर दोन्ही प्लास्टिक भरणे) आणि इन्सर्ट मोल्डिंग (धातूचा तुकडा मोल्डमध्ये ठेवून त्याभोवती प्लास्टिक भरणे) यांबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘बेस’ म्हणजे आधी मोल्ड केलेला कडक भाग आणि ‘ग्रिप’ म्हणजे त्यावर चढणारा मऊ थर. टीपीई (रबरासारखे मऊ प्लास्टिक) म्हटले आहे तिथे एसईबीएसवर (एक कृत्रिम रबर) आधारलेला, बाजारात सर्रास मिळणारा टीपीई समजावा. तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न (वसई) : टूथब्रशच्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हँडलवर टीपीईची ग्रिप चढवतो. हँडल एका मशीनवर, ग्रिप दुसऱ्यावर. एकाच दिवशी काही पेट्यांतला माल पक्का निघतो, काहींतला नखाने सुटतो. ग्रिपच्या मशीनचे सेटिंग अजिबात बदललेले नसते. मग फरक कशाने पडतो?

सेटिंग तेच आहे आणि दोष पेटीगणिक बदलतो आहे, तेव्हा मशीनचे स्क्रीन बघत बसू नका, पेटी बघा. पण त्याआधी सुटलेली ग्रिप फेकून न देता उजेडात धरा. हँडलचा पृष्ठभाग कोरा, चकचकीत राहिला असेल तर पकड बसलेलीच नाही. त्यावर टीपीईचे ठिपके किंवा पापुद्रे उरले असतील तर पकड अर्धवट बसली होती. गेटजवळ (माल मोल्डमध्ये शिरतो तिथे) पक्के आणि टोकाला सुटलेले दिसले तर माल टोकापर्यंत जाताना थंड पडला आहे. सगळीकडे सारखेच सुटत असेल तर हँडलवर काहीतरी आहे, किंवा टीपीईचा ग्रेडच चुकला आहे. तुमच्याकडे काही पेट्या चांगल्या निघतात, म्हणजे ग्रेड ठीक आहे. उरते ते हँडल.

पहिला संशयित सिलिकॉन स्प्रे. हँडल मोल्डमध्ये चिकटले की ऑपरेटर डबा उचलतो, चार फवारे मारतो, आणि पुढच्या कित्येक शॉटमधली (मोल्ड एकदा भरणे म्हणजे एक शॉट) हँडले त्याचा थर अंगावर घेऊनच पेटीत जातात. शेजारच्या मशीनवर मारलेला स्प्रेसुद्धा उघड्या पेटीवर बसतो. बेस मोल्ड होतो त्या भागात हा डबा असताच कामा नये. हँडल चिकटत असेल तर ड्राफ्ट (पार्ट सुटावा म्हणून मोल्डच्या भिंतींना दिलेला तिरकेपणा), पॉलिश आणि कूलिंगची वेळ तपासा. ते टूलरूमचे काम आहे.

दुसरा संशयित पीपीच्या दाण्यातच असतो. काही ग्रेडमध्ये स्लिप एजंट (बहुधा इरुकामाइड) किंवा अँटिस्टॅटिक म्हणून ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट घातलेले असते. ही द्रव्ये मोल्डिंगनंतर हळूहळू पृष्ठभागावर येतात. त्यामुळे आज मोल्ड केलेले हँडल नीट चिकटते आणि आठवडाभर गोदामात पडलेले चिकटत नाही. पुरवठादाराला स्पष्ट विचारून ही द्रव्ये नसलेला ग्रेड घ्या, पेटीवर मोल्डिंगची तारीख-वेळ लिहा, पेटी झाका, आणि ग्रिप चढते त्या भागाला उघड्या हाताचा स्पर्श होऊ देऊ नका.

खात्री करायची साधी रीत अशी. सुटणाऱ्या पेटीतली १० हँडले आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा, दर वेळी नव्या फडक्याने पुसा. ती सुकल्यावर, आणि सोबत १० न पुसलेली, एकाच सेटिंगवर चालवा. पुसलेली थोडी जरी पक्की निघाली तरी दोष पृष्ठभागावर आहे. अल्कोहोलने सिलिकॉन पूर्ण निघत नाही. म्हणून थोड्या सुधारणेलाही पुरावा समजा. आणि हा तपास आहे, उत्पादनाची पायरी नव्हे. रोज हजारो हँडले पुसत बसणे म्हणजे दुखणे सांभाळत बसणे.

आता तापमान. पेट्यांचा प्रश्न सुटला तरी पकड काठावर असेल तर ती अशीच डळमळत राहते, म्हणून हा हिशेब करून ठेवा. वितळलेला टीपीई बेसला लागतो त्या क्षणी सांध्याचे तापमान ढोबळमानाने दोघांच्या सरासरीइतके असते. टीपीई २१० अंशांवर आणि हँडल ३० अंशांवर असेल तर सांध्याला मिळतात १२०. पीपी वितळतो १६० ते १६५ च्या दरम्यान. सांधा त्याच्या जितका जवळ जाईल तितके दोन्ही पदार्थांचे रेणू एकमेकांत शिरतात, आणि पकड तिथेच बनते. टीपीई २३५ वर नेला तर सांधा १३२ च्या आसपास जातो. हँडलही ६० अंशांपर्यंत तापवले तर १४७. मोल्डचे तापमान वाढवून मात्र सांध्यावर फारसा फरक पडत नाही, कारण मोल्ड आणि सांधा यांच्यामध्ये हँडलचे प्लास्टिक उभे असते आणि ते उष्णता अडवते. अनेक जण आधी चिलर बंद करतात. त्याने सायकल (एका शॉटचा वेळ) वाढते, पकड वाढत नाही.

टीपीई किती तापवायचा याची कमाल मर्यादा पुरवठादाराच्या तक्त्यात असते, ती ओलांडू नका. स्क्रीनवरच्या आकड्यावरही विसंबू नका. पर्ज केलेल्या (मोल्डऐवजी बाहेर सोडलेल्या) मालाच्या गोळ्यात सुई-थर्मामीटर खुपसून पाहा. लहान शॉट मोठ्या बॅरलमधून (माल वितळवणाऱ्या नळकांड्यातून) काढत असाल तर माल आत रेंगाळून खराब होतो, हेही ध्यानात ठेवा. आणि इंजेक्शन वेगाने करा. हळू भरणारा माल वाटेतच साय धरतो, आणि साय धरलेला माल कशालाच चिकटत नाही.

हँडल ओव्हनमध्ये तापवायचे ठरवलेच, तर एक अडचण आधीच सांगतो. पीपी दर अंशाला, दर मीटरला साधारण ०.१ ते ०.१५ मिमी वाढतो. १५० मिमी लांबीचे हँडल ४० अंशांनी तापवले तर ०.६ ते ०.९ मिमी लांब होते आणि दुसऱ्या मोल्डच्या कॅव्हिटीत (पोकळीत) बसत नाही. ऑपरेटर ते दाबून बसवतो, मोल्ड मिटतो आणि कडा चेचते. तापवून चालवायचे असेल तर कॅव्हिटी त्याच मापाने कापलेली हवी.

प्रश्न (भोसरी) : ग्राहकाने ३० टक्के ग्लास भरलेल्या नायलॉन ६ च्या बॉडीवर मऊ ग्रिप मागितली आहे. आमच्याकडे पीपीवर चालणारा टीपीई पडून आहे. तो चालेल का?

नाही. साच्यातून पार्ट सुंदर बाहेर येईल आणि ग्राहकाच्या हातात सालीसारखा सोलला जाईल. साधा एसईबीएस टीपीई पीपीवर बसतो, कारण त्याच्या मिश्रणातच पीपी असतो. नायलॉन, एबीएस, पॉलिकार्बोनेट हे ध्रुवीय पदार्थ आहेत. त्यांच्यासाठी टीपीईत वेगळे घटक मिसळून खास ग्रेड बनवतात. एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि दोघांच्या मिश्रणावर टीपीयूही (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) चांगला बसतो.

नायलॉनसाठीच्या ग्रेडला वितळ-तापमान बरेच जास्त लागते, बहुधा २५० च्या वर, आणि आधी नीट सुकवावा लागतो. बेसच्या बाजूनेही अटी आहेत. नायलॉन ६ हा नायलॉन ६६ पेक्षा सोपा, कारण तो साधारण २२० ला वितळतो आणि ६६ साधारण २६० ला. ३० टक्के ग्लासने सहसा अडत नाही. पण ‘हीट स्टॅबिलाइज्ड’ ग्रेड पकड बिघडवतो, आणि मोटारीच्या कामाचा नायलॉन बहुतेक वेळा तसाच असतो. ड्रॉइंगवर नुसते ‘पीए ६ जीएफ ३०’ लिहिलेले असेल तर ग्राहकाला पूर्ण ग्रेड विचारल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

नायलॉन हवेतला ओलावा पितो. आज मोल्ड केलेला बेस चार दिवस उघडा ठेवला तर गरम टीपीई लागताच ओलाव्याची वाफ सांध्यातच अडकते. बेस काही तासांतच वापरा, नाहीतर गरम असतानाच सीलबंद पिशवीत भरा. उघडा राहिलेला माल ८० अंशांवर काही तास सुकवून घ्यावा लागतो.

मास्टरबॅचकडेही (रंगाच्या दाण्यांकडे) लक्ष असू द्या. रंग कोणत्या वाहक पॉलिमरमध्ये घोळला आहे ते विचारा. पॉलिइथिलीनच्या वाहकातला रंग ४-५ टक्के घातला तर महागड्या ग्रेडची पकड त्याच रंगाने मारली जाते.

अ‍ॅसिटालच्या (पीओएम या निसरड्या प्लास्टिकच्या) बेसवर मात्र रासायनिक पकडीची आशा सोडा. तिथे आरपार भोके, आत रुंद होत जाणारे खाचे, किंवा ग्रिप पूर्ण वळसा घालून मागे जोडली जाईल अशी रचनाच लागते. खरे तर पकड चांगली असली तरी ग्रिपच्या दोन टोकांना अशी भोके ठेवावीत, कारण सोलणे नेहमी टोकापासून सुरू होते. न चिकटण्याचा फायदाही होतो : मोटारीच्या एसी व्हेंटमधल्या हलत्या पट्ट्या काही ठिकाणी मोल्डमध्येच चौकटीत बसवून काढतात, आणि त्या फिरतात त्या दोन प्लास्टिकचे पटत नाही म्हणूनच.

प्रश्न (अंबड, नाशिक) : ग्रिपच्या कडेने बेसवर कागदासारखी फ्लॅश (फटीतून निसटलेला जादा माल) पसरते. टनेज (मोल्ड मिटवून धरणारे बल) वाढवले तर फ्लॅश कमी होते, पण बेसवर चरा उमटतो. मोल्डमेकर म्हणतो सेटिंग करा, आम्ही म्हणतो मोल्ड दुरुस्त करा. कोणाचे खरे?

बहुतांशी तुमचे. पण मोल्डमेकरला दोष देण्याआधी त्याला तुम्ही कुठला बेस दिला होता ते तपासा.

साध्या मोल्डिंगमध्ये स्टील स्टीलवर मिटते. इथे शट-ऑफला (माल अडवणाऱ्या कडेला) स्टील प्लास्टिकवर मिटते, आणि ते प्लास्टिक प्रत्येक लॉटला थोडे वेगळे असते. दुसरी कॅव्हिटी बेसच्या ड्रॉइंगवरून कापली असेल तर ती चुकणारच. ती प्रत्यक्ष बेसच्या मापावरून कापायची असते, आणि ते मापही मोल्डिंगनंतर निदान २४ तासांनी घ्यायचे, कारण पीपी तोवर आक्रसत राहतो. त्यानंतर उत्पादनातही बेस त्याच वयाचा वापरायचा. मशीनमधून नुकताच निघालेला गरम बेस आणि तीन दिवसांचा बेस एकाच कॅव्हिटीत सारखे बसत नाहीत.

कडेची रचना अशी असावी. ग्रिप बेसवर निमुळती होत संपू नये. तिथे बेसमध्ये किमान ०.५ मिमी खोल पायरी हवी आणि ग्रिप त्या पायरीत पूर्ण जाडीने थांबावी. निमुळती कडा पूर्ण भरत नाही, आणि भरली तरी पहिली तीच सोलली जाते. पायरीच्या बाहेर मोल्डचे स्टील बेसवर १ ते १.५ मिमी रुंदीच्या पट्टीत ०.०५ ते ०.१ मिमी दाबून बसावे. त्याहून जास्त दाबले की चरा उमटतो. टेक्स्चर असलेल्या बेसवर ही पट्टी गुळगुळीत ठेवावी. दाणेदार टेक्स्चरच्या दऱ्यांतून टीपीई आरामात वाहतो. पट्टीच्या मागे बेसला जाड रिब असेल तर तिथे सिंक मार्क (खळगा) पडतो आणि फ्लॅश नेमकी तिथूनच निघते. निळा मार्किंग पेस्ट बेसवर लावून मोल्ड मिटवा. कुठे स्टील टेकत नाही ते पाच मिनिटांत दिसेल आणि वाद संपेल.

मागचा आधारही पाहा. ग्रिपच्या मागच्या बाजूला बेसखाली स्टील नसेल, पोकळी असेल, तर इंजेक्शनच्या दाबाने बेस आत दबतो आणि समोर फट उघडते. ही फट क्लॅम्पिंगने बुजत नाही. टीपीईला टनेज तसे कमीच लागते : प्रक्षेपित क्षेत्राच्या दर चौरस सेंमीला ०.३ ते ०.५ टन. १५ चौरस सेंमीच्या ४ ग्रिपना १८ ते ३० टन पुरतात. तुम्ही ८० टन लावून फ्लॅश थांबवत असाल तर तुम्ही बेस चेचत आहात.

सेटिंगमध्ये करण्यासारखे थोडेच. टीपीई वेगाने ढकलला की अधिक पातळ होतो; म्हणून सुमारे ९० टक्के भरेपर्यंत वेग ठेवा, शेवटचा भाग हळू भरा, आणि होल्डिंगला (भरल्यानंतर दाब धरून ठेवण्याला) लवकर वळा. होल्डिंगचा दाब इंजेक्शनच्या निम्म्यापासून सुरू करून खाली आणा. शेवटी भरणाऱ्या टोकाला व्हेंट (हवा बाहेर जाण्याची फट) ०.०१ ते ०.०२ मिमी खोल असावा. पीपीच्या सवयीने ०.०३ कापला तर टीपीई त्यातूनही डोकावतो. व्हेंट नसलाच तर हवा कोपऱ्यात दबून तिथली पकड जाते, आणि तो दोष पुन्हा ‘मटेरियल खराब’ या नावावर खपवला जातो.

एक संबंधित गोष्ट. ग्रिपच्या कॅव्हिटीला आरशासारखे पॉलिश करून घेऊ नका. टीपीई पॉलिशला चिकटतो, निघताना ओढला जातो, आणि त्याच ओढीत कडा सुटतात. बारीक स्पार्क फिनिश आणि ३ अंशांचा ड्राफ्ट असला की तो स्वतःहून सुटतो. इजेक्टर पिना नेहमी बेसवर टेकाव्यात, ग्रिपवर नाही.

प्रश्न (वाळूज) : दोन मशीनवर काम चालू आहे. टू-शॉट मशीन घ्यावे का?

आधी उत्पादन मोजा. हिशेबासाठी आकडे गृहीत धरू. दोन्ही मोल्ड ४ कॅव्हिटींचे. ग्रिपच्या मशीनवर सायकल ३५ सेकंद आणि ४ बेस हाताने बसवायला १२, म्हणजे ४७ सेकंद. तासाला ७६ शॉट, ३०४ पार्ट. त्यासाठी दोन मशीन आणि एक पूर्णवेळ माणूस. टू-शॉटमध्ये दोन्ही शॉट एकाच वेळी चालतात, म्हणून जो लांब असेल तोच मोजायचा : ३५ आणि फिरण्याचे ३, म्हणजे ३८ सेकंद. तासाला ९४ शॉट, ३७६ पार्ट, आणि माणूस फक्त पॅकिंगला. आता जास्तीची गुंतवणूक मशीन व मोल्ड मिळून ६० लाख रुपये आणि बचत पार्टमागे १ रुपया २० पैसे धरली, तर ५० लाख पार्टनंतर पैसे वसूल होतात. तुमचे आकडे घालून हाच भागाकार करा. उत्तर ग्राहकाच्या ऑर्डरच्या मुदतीपेक्षा मोठे आले तर मशीन घेऊ नका, रोबोट किंवा चांगली लोडिंग जिग घ्या.

बचतीपलीकडे टू-शॉटचा खरा फायदा पकडीत आहे. बेस मोल्डमधून बाहेर येतच नाही. त्यामुळे त्याला धूळ लागत नाही, स्प्रे लागत नाही, हात लागत नाही, आणि ग्रिप चढते तेव्हा तो अजून ६०-७० अंशांवर असतो. वसईच्या उत्तरातला सरासरीचा हिशेब इथे फुकटात साधतो. बेस कोअरवर (पार्टची आतली बाजू घडवणाऱ्या मोल्डच्या भागावर) घट्ट बसलेला असल्याने त्याचे माप पळत नाही आणि शट-ऑफही नेमका बसतो.

मोल्ड मात्र वेगळ्याच शिस्तीचा असतो. फिरणाऱ्या बाजूचे दोन्ही कोअर तंतोतंत सारखे हवेत, एकात ०.०५ मिमी फरक असला तर प्रत्येक दुसऱ्या शॉटला फ्लॅश दिसेल. (दोष एकाआड एक शॉटला येत असेल तर सेटिंगला हात लावू नका, कोअर मोजा.) फिरणाऱ्या भागाला पाणी रोटरी युनियनमधून (फिरत्या जोडातून) द्यावे लागते. पहिल्या शॉटचा रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेला माल) फिरण्याआधी सुटून पडला पाहिजे, म्हणून तिथे हॉट रनर (ही वाट तापती ठेवणारी रचना) किंवा आपोआप तुटणारा गेट लागतो. आणि जास्त तापमानाला मोल्ड होणारा पदार्थ आधी, कमी तापमानाचा नंतर. उलट केले तर दुसरा शॉट पहिल्याला वितळवून वाहून नेतो. गेटसमोर बेस पातळ असेल तर योग्य क्रमातही हे घडते. गेट जाड भिंतीसमोर ठेवावा.

ग्रिप सपाट पट्टीसारखी साधी असेल तर फिरवायचीही गरज नाही. सरकत्या कोअरचा मोल्ड पुरतो : पहिला शॉट भरला की कोअर मागे सरकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा माल भरतो. फक्त तिथे दोन्ही शॉट एकापाठोपाठ होतात, त्यामुळे सायकल लांबते.

प्रश्न (चाकण) : पॉलिकार्बोनेटच्या कव्हरमध्ये एम४ (४ मिमी स्क्रूचे) पितळी इन्सर्ट मोल्ड करतो. तपासणीत पार्ट निर्दोष असतात. ग्राहकाकडे स्क्रू आवळल्यावर आठवड्याभरात बॉसला (इन्सर्टभोवतीच्या प्लास्टिकच्या गोल खांबाला) उभे तडे जातात. टॉर्क मर्यादेत आहे.

पितळ दर अंशाला जितके आक्रसते त्याच्या तिपटीहून जास्त पॉलिकार्बोनेट आक्रसते. त्यात मोल्डिंगचे ०.५ ते ०.७ टक्के आकुंचन. म्हणजे बॉस इन्सर्टभोवती कायम ताणलेला असतो. पॉलिकार्बोनेट हा ताण बराच काळ निमूट सोसतो, आणि तेल किंवा रसायन लागले की फुटतो. तुमच्याकडे टॉर्क मर्यादेत असूनही तडे जातात, म्हणून सर्वांत आधी एकच प्रश्न विचारा : ग्राहक स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावतो का? अ‍ॅनारोबिक थ्रेडलॉकर पॉलिकार्बोनेट आणि एबीएस दोघांनाही तडे पाडतो. लावत असेल तर प्लास्टिकला चालणारा पर्याय द्यायला सांगा, किंवा आधीच कोरडा पॅच लावलेले स्क्रू वापरा.

दुसरे, इन्सर्टवरचे कटिंग ऑइल. ऑटो लेथवरून आलेले इन्सर्ट हाताला कोरडे लागले तरी नर्लिंगच्या (पकडीसाठी बाहेरून पाडलेल्या दात्यांच्या) खाचांत तेल असते. अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन, सुकवून मगच वापरा.

तिसरे, इन्सर्ट थंड असतो. तो १०० ते १२० अंशांपर्यंत तापवून मोल्डमध्ये ठेवला तर तोही पार्टसोबत आक्रसतो आणि ताण घटतो. चौथे, भिंत : बॉसचा बाहेरचा व्यास इन्सर्टच्या बाहेरच्या व्यासाच्या दुपटीहून कमी नसावा. ६ मिमीच्या इन्सर्टला १२ मिमीचा बॉस. ८ मिमीचा काढून ‘वजन वाचवले’ असे ड्रॉइंग असेल तर बाकी काहीही केले तरी तडे जातील. धारदार हिऱ्याकृती नर्लऐवजी कडा मारलेला नर्ल घ्या. प्रत्येक टोकदार दात तड्याची सुरुवात करून देतो. बॉसच्या वेल्ड लाइनवर (मालाचे दोन प्रवाह जुळतात त्या रेघेवर) तडा जात असेल तर मोल्डचे तापमान ८० ते १०० दरम्यान ठेवा आणि वेल्ड लाइन कमी ताणाच्या बाजूला जाईल असा गेट हलवा.

इन्सर्टची लांबीही मोजा. ०.१ मिमी लांब निघाला तर मोल्ड त्याला चेपतो. आखूड निघाला तर माल थ्रेडमध्ये शिरतो.

आमचे मत विचाराल तर पॉलिकार्बोनेटमध्ये इन्सर्ट मोल्ड करण्यापेक्षा मोल्डिंगनंतर उष्णतेने बसवणे बरे. फक्त लगतचा थर वितळतो, बॉस आवळला जात नाही, आणि मोल्डमध्ये इन्सर्ट बसवायचे विसरले तर कोअर पिन मोडण्याची भीतीही राहत नाही.

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर) : पीपीच्या २२० मिमी लांब, २ मिमी जाड पट्टीवर एका बाजूने टीपीई चढवला की पट्टी धनुष्यासारखी वाकते.

आधी कारण ओळखा. वाकलेल्या पट्टीवरचा टीपीई ब्लेडने आडवा ठिकठिकाणी पट्टीपर्यंत कापा. पट्टी सरळ झाली तर तिला टीपीईच्या आकुंचनाने ओढले आहे. वाकलेलीच राहिली तर बेसमध्ये आधीच दडलेला ताण टीपीईच्या उष्णतेने मोकळा झाला आहे, आणि मग पहिल्या मोल्डचे कूलिंग व होल्डिंग सुधारायला हवे.

पहिले कारण असेल तर टीपीईची जाडी कमी करा (१.५ मिमीच्या खाली मात्र पकड आणि भरणे दोन्ही बिघडतात), पट्टीच्या मागे लांबीच्या दिशेने रिब द्या, किंवा ग्रिप सलग न ठेवता तीन-चार तुकड्यांत विभागा. टीपीई वाहण्याच्या दिशेने जास्त आक्रसतो. एका टोकाला गेट ठेवून लांबीभर माल वाहवला तर नेमकी नको ती ओढ मिळते. मधून दोन्हीकडे, किंवा दोन गेटांतून भरा. जिगमध्ये दाबून थंड करणे हा तात्पुरता उपाय आहे. तो माल उन्हात उभ्या ट्रकमध्ये परत वाकतो.

प्रश्न (वेर्णा, गोवा) : एबीएसवर टीपीयू चढवतो. पावसाळ्यात चंदेरी रेघा आणि बुडबुडे येतात.

टीपीयू सुकवलेला नाही, किंवा सुकवून हॉपरमध्ये उघडा पडला आहे. ८० ते १०० अंशांवर ३ तास (मऊ ग्रेडला खालचे तापमान), ओलावा ०.०५ टक्क्यांच्या खाली. गरम हवेचा साधा हॉपर ड्रायर पावसाळ्यात बाहेरची ओली हवाच तापवून आत ढकलतो; कोकण-गोव्याला डिह्युमिडिफाइंग ड्रायरच घ्यावा. ओला टीपीयू बॅरलमध्ये रेणूही तोडतो, त्यामुळे रेघा दिसल्या नाहीत तरी ग्रिप कमजोर निघते. उघडलेली पिशवी त्याच पाळीत संपवा.

प्रश्न (रांजणगाव) : पकड ‘चांगली’ आहे हे ग्राहकाला आकड्यात कसे दाखवायचे? आमच्याकडे टेन्साइल मशीन नाही.

ग्राहक मोटार उद्योगातला असेल तर तो जर्मनीतील व्हीडीआय २०१९ या मार्गदर्शिकेप्रमाणे सोलण्याची चाचणी मागू शकतो, आणि ती बाहेरच्या प्रयोगशाळेतच करावी लागेल. रोजच्या तपासणीला मात्र जिग आणि काटा पुरतो. मोल्डिंगनंतर २४ तासांनी ग्रिपमध्ये ब्लेडने १० मिमी रुंद पट्टी पाडा, टोक थोडे सोडवून क्लिपमध्ये धरा, बेस घट्ट बांधा आणि डिजिटल हँगिंग काट्याने ९० अंशांत सावकाश, एकाच वेगाने ओढा. काटा ४ किलो दाखवत असेल तर बल साधारण ३९ न्यूटन, म्हणजे रुंदीच्या दर मिमीला ३.९ न्यूटन.

पण आकड्यापेक्षा तुटण्याची जागा महत्त्वाची. टीपीई स्वतः फाटला आणि बेसवर त्याचा थर उरला तर पकड टीपीईच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. त्यापुढे आणखी मागण्यात अर्थ नाही. मऊ, ३० शोअर ए (कडकपणाचे माप) चा टीपीई कमी आकड्यावरच फाटतो, म्हणून दोन वेगळ्या कडकपणांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. नोंदवहीत आकड्यासोबत ‘फाटला’ की ‘सोलला’ हे लिहाच. आणि नमुने गेटजवळून एक, टोकाकडून एक असे घ्या; टोकाचा आकडा आधी घसरतो.

प्रश्न (वसई) : पीपी-टीपीईचे रिजेक्ट पार्ट दळून वापरता येतात का?

येतात. एसईबीएस टीपीईत पीपी असतोच, त्यामुळे दोन्ही एकत्र दळून, दिसणार नाहीत आणि ताण घेणार नाहीत अशा पीपी पार्टमध्ये थोड्या प्रमाणात मिसळता येतात. कडकपणा थोडा उतरतो. नव्या बेसमध्ये मात्र घालू नका, तिथे आकुंचन बदलले की शट-ऑफ बिघडतो. टूथब्रशचे केस बसवून झालेले पार्ट दळायचे असतील तर नायलॉनचे केस आणि ते धरणारी धातूची चाप आधी वेगळी काढा, नाहीतर ग्राइंडरची पाती जातील. एबीएस किंवा नायलॉनवरचा टीपीई असा चालत नाही. तो हाताने सोलता येत असेल तरच वेगवेगळा दळा. तसा तो सहज सोलला जात असेल तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा वाचा.